भाचीचं नाव 'शरद'सोबत कसं जुळवू?

आत्या, जळगाव: भावाला मुलगी झाली. बारशाला कानात नाव मीच सांगणार. भावाचं नाव शरद, आडनाव पाटील. 'ईशा शरद' म्हणताना जीभ अडखळते. मला 'तापी' फार आवडतं, पण घरच्यांना ते जुनं वाटतं. सुचवा.

धुळेकर: ताई, 'श'ला 'श' भिडतोय, म्हणून अडखळतं. 'मुक्ता शरद पाटील' मोठ्यानं म्हणून बघा. मुक्ताईनगर तर तुमच्याच जिल्ह्यात!

चोपड्याची मावशी: जुनं कसलं? तापी ही सूर्याची लेक. 'तापी शरद पाटील', शाळेच्या हजेरीत किती ठसठशीत वाटेल! अंगणातून हाकही मारून बघा, नाव लांबवर पोचायला हवं.

आत्या, जळगाव: वहिनीला 'मुक्ता' पटलं. पण हाक मारायला मी 'तापी'च ठेवणार.