संडासाकडची गॅलरी झुकलीय, मालक ढुंकून बघत नाही

गॅलरीतला: मंडळी, गिरगावातली आमची चाळ १९४० च्या आधीची, सेसची (म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर भरणारी), पागडीची खोली (एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यावर कायमची घेतलेली), पावती अजून आजोबांच्याच नावाची. दुसऱ्या मजल्यावर संडासाकडे जायच्या गॅलरीचे वासे पार कुजलेत. परवा आई बादली घेऊन चालली होती तर फळी कडकन खाली गेली, नशीब कठडा हातात आला. मालकाला तीनदा सांगितलं, तर म्हणतो २४० रुपये भाडं देता, त्यात काय सागवानी खांब लावू? शेजारच्या काकू म्हणतात भाडंच बंद करा. करावं का?

जुना भाडेकरू: अजिबात नको! तो त्याचीच वाट बघतोय, भाडं थकलं की खाली करायचा दावा ठोकायला मोकळा. घेत नसेल तर मनीऑर्डर करा, परत आली तर तो कागद जपून ठेवा. दुरुस्तीसाठी भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ बघा. लेखी नोटीस पाठवायची, १५ दिवसांत काही केलं नाही तर आपण काम करून खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच.

गॅलरीतला: म्हणजे वर्षाच्या २८८० चा पाव, ७२० रुपये 😂 तेवढ्यात मिस्त्री जिनासुद्धा चढायचा नाही.

जुना भाडेकरू: हो, पागडीवाल्यांची तिथेच गोची आहे. तरी नोटीस द्याच, आणि सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घ्या, नाहीतर पावती तुमच्या नावाची नाही, आजोबांची आहे, हा मुद्दा काढून तुम्हाला एकट्याला टोलवेल.

टेकूवाला: अहो सेसची आहे ना मग म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाकडे जा, सेस घेतात कशासाठी! तुमच्या वॉर्डाच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज द्या, सोबत फोटो, पोच घेतल्याशिवाय हलू नका. आमच्याकडे आधी लोखंडी टेकू लावले, काम खूप नंतर झालं (टेकूला दोरी बांधून लोक कपडे वाळत घालायला लागले ते वेगळं). मंडळाच्या खर्चाला मर्यादा असते, वरचे पैसे भाडेकरूंना घालावे लागतात. आणि काही कोसळायला आलंच तर पालिकेचा हेल्पलाइन नंबर १९१६.

परळची पोर: आमची बिल्डिंग सेसची नव्हती. मालकाने चार वर्षं एक वीट हलवली नाही आणि मग स्वतःच इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट आणलं, सी-१, म्हणजे अतिधोकादायक, पाडा! आम्ही वर्गणी काढून आमचा इंजिनिअर आणला, त्याने दुरुस्ती होईल असं लिहिलं. दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हटल्यावर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे गेलं. उद्या खाली करायची वेळ आलीच तर कोणाची खोली किती फुटांची ती यादी पालिकेकडून मोजून घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

पुणेरी पाहुणा: आमचं लिव्ह अँड लायसन्स आहे (ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी), स्लॅबचे पोपडे पडतायत. हे कलम १४ चालेल?

जुना भाडेकरू: नाही हो, ते भाडेकरूसाठी आहे, तुम्ही लायसन्सी. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये दुरुस्ती कोणाकडे लिहिलीय ते वाचा.

गॅलरीतला: १८ पैकी १५ सह्या झाल्या. तळमजल्यावरचे दोघं मागे सरतायत, त्यांना गॅलरीतून जावंच लागत नाही ना. नोटीस उद्या स्पीड पोस्टाने जाईल, तिकडून तसाच म्हाडात. तोवर तुटक्या फळीच्या अलीकडे मोठं पिंप आडवं लावलंय आणि आई खालच्या मावशींकडे जाते.