पलंगावरून दिसणारं रुग्णालय

खिडकीवेल: परवा आईची अँजिओग्राफी झाली. स्ट्रेचरवरून नेताना म्हणाली, "अगं, वरचे दिवे डोळ्यात जातात." मला एकदम फिनलंडचं पायमिओ आठवलं. आल्वार आल्टोचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम, 1933 चं. पेशंट आडवा असतो हे धरूनच खोली आखलेली. छत गडद हिरवट, दिवा नजरेच्या टप्प्याबाहेर, आणि बेसिनचा उतार असा की पाण्याचा आवाज होऊ नये. शेजारचा झोपलेला असतो ना! मी तिथे जमिनीवर आडवी होऊन छत बघणार होते, गाइडबाईंनी नजरेनेच थांबवलं. तुम्ही परदेशात कुठली रुग्णालयं पाहिलीत, लिहा.

टीस्क्वेअर: सिंगापूर, यीशूनचं खू टेक प्वाट रुग्णालय, 2010 चं. सवलतीच्या वॉर्डांना एसी नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या फिन्स, म्हणजे बाहेर आलेल्या पट्ट्या, वारा आत वळवतात. घामाघूम होईन वाटलं होतं, नाही झालो. शेजारी तळं, गच्चीवर भाजीचा मळा.

मोरीवाला: मळा?? आमच्या गच्चीवर एसीची आउटडोअर युनिटं, मोडके पलंग आणि वॉचमनची वाळत घातलेली बनियनं 😂

शून्यांश: "झाडं दिसली की पेशंट लवकर घरी" हे हल्ली प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं. रॉजर उलरिखचा 1984 चा अभ्यास, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट. 23 जणांना झाडं दिसत होती, 23 जणांना विटांची भिंत. मुक्कामात फरक पाऊण दिवसाचा. तीव्र वेदनाशामकं कमी लागली, ते मला जास्त मोलाचं वाटतं. पण एवढ्यावर क्लायंटला "शास्त्राने सिद्ध झालंय" सांगू नका राव.

ओसरी: रवांडातलं बुटारो रुग्णालय, 2011, आर्किटेक्ट मास डिझाइन ग्रुप. बंद कॉरिडॉरमधून टीबी पसरतो म्हणून कॉरिडॉरच बाहेर काढले, म्हणजे आपली ओसरीच की. पलंगांची डोकी मधल्या बुटक्या भिंतीला, त्यामुळे प्रत्येकाला समोर खिडकी. एका ग्रामीण रुग्णालयासाठी हा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) दाखवला, तर मीटिंगमध्ये प्रश्न, "ओसरीत नातेवाईक झोपतील, मग?" झोपू देत! आत्ता जिन्यात झोपतात.

कंपासपेटी: +1 ओसरी. नातेवाइकांसाठी कुणी चौरस फूटच धरत नाही, डबा धुवायला जागा नाही. एडिनबर्गचं मॅगीज सेंटर बघा, 1996. कॅन्सरच्या पेशंटसाठी, रिसेप्शन काउंटर नाही, मधोमध स्वयंपाकघराचं टेबल. कुणीही या, चहा करून घ्या. बाकी नंतर, कुकर लागलाय.

मोरीवाला: टीस्क्वेअर, त्या फिन्सवर कबुतरं नाही बसत?

टीस्क्वेअर: मला तरी मैनाच दिसल्या. तिकडे कबुतरांना दाणे टाकले तर दंड होतो.

मोरीवाला: दादरला सांगून बघा 🙏

कंपासपेटी: नको, तो विषय नको. शिट्ट्या झाल्या, आले.