मदत हवी आहे: बर्फात अचानक रात्र काढायची वेळ आली तर गुहा खणावी की चर?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे हिवाळ्यात बर्फाळ डोंगरात एका दिवसाच्या ट्रेकला जाणार आहोत. संध्याकाळी परतायचंच आहे, पण वाट चुकली किंवा कुणाचा पाय मुरगळला तर? तंबू आणि स्लीपिंग बॅग नसेल. फावडं, फॉइलचं ब्लँकेट आणि जादा जाकीट तेवढं असेल.

बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे बाहेर उणे २० असलं तरी नीट खणलेल्या गुहेत तापमान शून्याच्या आसपास टिकतं, हे वाचलंय. घोडं अडलंय ते पुढे. गुहेला दोन-तीन तास लागतात आणि खणणारा घामाने नि वरून पडणाऱ्या बर्फाने भिजतो. मग ओल्या कपड्यांत रात्र काढायची? शिवाय झोपावं की जागं राहावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
अनुभव नसेल तर चरच. अंधार पडायच्या तासभर आधी थांबा. "अजून थोडं पुढे जाऊ" हा मोह टाळा. हिमस्खलनाच्या उताराखालची जागा नको. चर अंगाला जेमतेम पुरेल एवढाच ठेवा. वर ट्रेकिंग पोल आडवे टाकून त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरा (हा सोबत घ्याच, नुसतं फॉइल टरकन फाटतं) आणि कडांवर बर्फ दाबा. एक पोल छतातून आरपार ठेवून अधूनमधून हलवा, नाहीतर हवेचं भोक बुजतं. आत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड कळतसुद्धा नाही.

खणायच्या आधी जाकीट काढून सॅकमध्ये कोरडं ठेवा, हातमोज्यांची दुसरी जोडीही. भिजलेल्या मोज्यांत बोटं अशी बधिरतात की चेनचं टोकही चिमटीत धरता येत नाही. आणि अंगाखाली काय अंथरता यावर निम्मी रात्र अवलंबून आहे: दोर, रिकामी सॅक, फांद्या, मिळेल ते.

डुलकी लागली तर लागू द्या, आळीपाळीने एकाने जागं राहावं. हुडहुडी भरणं चांगलंच. ती थांबली आणि माणूस बरळायला लागला तर मात्र धोका आहे. त्याला मधे घ्या, कोरडे कपडे चढवा, शुद्धीत असेल तर गोड काहीतरी द्या. दारू अजिबात नको.

धागाकर्ता
मनापासून आभार! तहान लागली तर बर्फ खाल्ला तर चालेल का?

प्रतिसाद २
नको, तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते. बाटलीत पाणी असतानाच थोडा थोडा बर्फ टाकून ती जाकिटाच्या आत ठेवा. मोबाईलही तिथेच. शिट्टी न्या: मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा. निघण्याआधी घरी परतीची वेळ लिहून द्या.