शब्दचर्चा: हापूसला 'मानांकन' मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले?

सडेकर
दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेट्या मुंबईला चढायला लागल्या की बातम्यांत 'जीआय मानांकन' हा शब्द मोहरतो. जीआय म्हणजे 'जिऑग्राफिकल इंडिकेशन', माल कुठल्या प्रदेशातला हे सांगणारी कायदेशीर नोंद. कोल्हापुरी चपलेची बातमी असो, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची असो, की दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या हापूसची, शब्द तोच. मला तो खटकतो. क्रीडा पानावर 'अग्रमानांकित खेळाडू' म्हणजे क्रमवारीत पहिला ठेवलेला. 'आयएसओ मानांकन' म्हणजे ठरलेल्या मानकात बसणारा. दोन्हीकडे मान म्हणजे माप आहे, कुणीतरी मोजून अंक दिला आहे. जीआयमध्ये कोण काय मोजतो? काहीच मोजत नसेल तर हा शब्द आला कसा आणि पर्याय काय?

कोर्टकचेरी
कायद्याचा शब्द 'इंडिकेशन' आहे, म्हणजे निर्देश. 1999 चा कायदा, अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईला. व्याख्येचा गाभा असा: माल अमुक प्रदेशातला आहे हे ओळखू येते आणि त्याचा गुण, लौकिक किंवा अन्य वैशिष्ट्य मुख्यतः त्या प्रदेशामुळे आहे. 'किंवा' महत्त्वाचा. नुसता लौकिक असला तरी व्याख्येत बसते. पहिला-दुसरा नंबर लावण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही.

शब्दामुळे होणारा दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. नोंदवहीचे दोन भाग आहेत. 'अ' भागात निर्देश आणि त्याचा नोंदणीकृत मालक, म्हणजे उत्पादकांची संस्था, विद्यापीठ, महामंडळ वगैरे. 'ब' भागात अधिकृत वापरकर्ते, म्हणजे प्रत्यक्ष बागायतदार, प्रक्रियादार. 2018 साली हापूसची नोंदणी झाली तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसच्या प्रत्येक झाडाला आपोआप काही चिकटले नाही. ज्याला पेटीवर ते चिन्ह छापायचे त्याने स्वतः 'ब' भागात नाव घालून घ्यायचे. नोंदणी 10 वर्षांची असते, मुदत संपली की नूतनीकरण. 'मानांकन मिळाले' असे वाचले की बागायतदार बक्षीस मिळाल्यासारखा स्वस्थ बसतो. 'नोंदणी झाली' असे वाचले असते तर निदान 'माझी झाली का?' हा प्रश्न पडला असता.

घळवाला
वकिलानू, आमच्यात गिऱ्हाईक 'खंयचो?' (कुठला?) असां इचारता, 'कितव्या लंबराचो?' असां नाय. जीआय म्हणजे त्या 'खंयचो'चा उत्तर. 'कसो'चा नाय.

आता कामाचे बोलतो. 'कसो' हे बागेत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये ठरते. फळ चौदा आणे तयार झाले की काढायचे, म्हणजे साधारण 85 टक्के. झाडावर जास्त राहिले तर साक्याचे, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचे, प्रमाण वाढते. उन्हाच्या कारात काढून तापल्या कातळावर ठेवले तरी तेच. घळीने किंवा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून उतरवायचे, कारण देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि पुढे देठाकडूनच कूज धरते. मग सावलीत, वजनाप्रमाणे निवड, अढीत गवत. ह्यातले काही चुकले तर पाच जिल्ह्यांतल्या अस्सल हापूसमध्येही साका निघतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. देवगडचो म्हणान पैसे मोजले नि आत साको गावलो, तर गिऱ्हाईक म्हणता मानांकन खोटा. खोटा नाय हो, तां त्याचां कामच नाय.

सडेकर
म्हणजे 'मानांकन'ने ग्राहकाला प्रतवारीची आशा लावली आणि शेतकऱ्याला बक्षिसाची. प्रतवारीला 'प्रत' हा सरळ शब्द आपल्याकडे असताना.

शब्दखूळ
पर्याय एकेक तपासू. 'भौगोलिक निर्देशांक' पूर्ण चूक. निर्देशांक शेअर बाजाराचा, महागाईचा. तिथे पुन्हा आकडा आला. तरीही बातम्यांत सर्रास सापडतो. 'भौगोलिक उपदर्शन' राजपत्रात शोभेल, वाशीच्या गाळ्यावर नाही. 'चिन्हांकन' बरा, पण तो फक्त स्टिकरपुरता. 'भौगोलिक ओळख' सोपा, मात्र कायदेशीर वजन नाही. मी 'स्थलनिर्देश' म्हणेन.

कोर्टकचेरी
'स्थलनिर्देश'ला एक हरकत, आणि ती गंमतीची आहे. 'हापूस' हे स्थळाचे नावच नाही. आफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराच्या नावावरून अल्फान्सो, आपूस, हापूस अशी व्युत्पत्ती सांगतात. व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात याची सोय आहे: नाव एखाद्या देशाचे, प्रदेशाचे वा गावाचे नसले तरी ते विशिष्ट प्रदेशाशी निगडित असेल तर चालते. म्हणूनच हापूस बसला.

पण त्याच वाटेने धोका येतो. कलम 9 प्रमाणे जे नाव सर्वसामान्य झाले, म्हणजे त्या जातीच्या कुठल्याही मालाला लोक सर्रास लावू लागले, त्याची नोंदणी होत नाही. शाळेतल्या व्याकरणात सांगायचे तर विशेषनामाचे सामान्यनाम झाले की संरक्षण गेले. बागायतदारांना नेमकी हीच धास्ती आहे. हापूसचे रोप दुसऱ्या मातीत लावले तरी झाड हापूसचेच राहते, मग 'हापूस' हे जातीचे नाव की प्रदेशाचे? दुसऱ्या प्रदेशाने आपल्या गावाचे नाव जोडून 'अमुक हापूस' मागितला की भांडण ह्या एका शब्दावर येते. सारख्या नावाच्या दोन निर्देशांसाठी कलम 10 आहे, पण ग्राहकाची फसगत होणार नाही असा फरक दाखवता आला तरच.

शब्दखूळ
पटले. 'स्थलनिर्देश' मागे घेत नाही, पण हरकत नोंदवून घेतो.

पेटीबंद
तंत्रज्ञानाच्या बातम्यांतही हीच गफलत. 'क्यूआर कोडमुळे आता अस्सल हापूस' असे मथळे येतात. क्यूआर कोड हे फक्त चित्र. मोबाइलवर फोटो काढून तोच कोड हजार पेट्यांवर छापता येतो आणि प्रत्येक वेळी स्कॅन बरोबरच दिसतो. उपयोग व्हायचा तर प्रत्येक फळाला वेगळा क्रमांक हवा, आणि एकच क्रमांक दोन शहरांतून तपासला गेला की यंत्रणेला संशय यायला हवा. देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र कोडाचे स्टिकर आणले, त्यामागचे तर्कशास्त्र हेच. कोडाचा भाग स्टिकरखाली लपवला की सोलल्याशिवाय पडताळणी होत नाही, आणि सोललेले स्टिकर दुसऱ्या फळावर चालत नाही.

खरी गळती मात्र छपाईच्या आधी असते. बागेत कलमे किती, त्यांचे सरासरी उत्पन्न किती, यावर स्टिकरांची संख्या बांधली नाही तर शिल्लक स्टिकर परराज्यातल्या फळावर जातात. यासाठी 'प्रमाणित' हा शब्दही मी टाळेन. 'मागोवा घेता येणारा' लांब आहे, पण खरा आहे.

सडेकर
कोल्हापुरी चपलेच्या बातम्यांत 'मानांकन असूनही कुणी काही करत नाही' असा सूर होता. तिथे शब्दाचा दोष किती?

कोर्टकचेरी
बराच. 2019 मध्ये नोंदणी झाली, मालक महाराष्ट्राचे आणि कर्नाटकचे चर्मोद्योग महामंडळ. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशा चपला दाखवल्या, वकिलांनी जनहित याचिका केली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. मुद्दा असा की दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी. मथळे आले 'प्राडाला दिलासा'. चपलेच्या हक्कावर निकाल झाला असे लोकांना वाटले, प्रत्यक्षात याचिकाकर्ता कोण एवढ्यावरच प्रकरण संपले. 'फेटाळली' आणि 'हक्क नाकारला' यांत अंतर आहे.

आणखी एक. जीआयचा हा हक्क विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, परवाना देऊन दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. अधिकृत वापरकर्ता वारला तर वारसाकडे जातो, इतकेच. ट्रेडमार्कचे तसे नसते. म्हणून 'हापूसचा ब्रँड' हेही सैलच.

घळवाला
मगे पेटयेर काय छापूचां? 'मानांकित हापूस' छापलेली खोकी घरात पडान आसत.

कोर्टकचेरी
'ब' भागात नाव असेल तर नोंदणी क्रमांक आणि चिन्ह छापा, शब्द कुठलाही असो. नाव नसेल तर दोन्ही नको. गाव, तालुका आणि फळांची संख्या मात्र नक्की लिहा.