जुन्या वाशांवर मागची पडवी उभी राहील का?

खालची_वाडी
संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर. गेल्या उन्हाळ्यात माजघरावर स्लॅब पडला आणि वरचे वासे खाली आले. फणस आणि किंजळ, दहा-दहा फुटी, एकूण एकोणीस. प्रत्येकाच्या बुडाशी सुताराने पटाशीने रेघा मारल्यात: एक, दोन, तीन. पाचानंतर फुली. जाळायला हात धजावत नाही.

मागच्या दाराला बारा बाय सहाची एकपाखी (एकाच बाजूला उतार असलेली) पडवी काढायची आहे, लाकूडफाटा आणि बंबासाठी. वळचणीकडची टोकं कुजलीत. ती कापून साडेआठ फुटी चांगले सातच निघतात, बाकीचे सहा-साडेसहा. दोन आखूड जोडून एक लांब वासा चालेल? कौलं मंगलोरी, घरचीच. मिस्त्री म्हणतो, लोखंडी पाइप घाला नि मोकळे व्हा. त्याचं काय जातं!

रंधा
मधोमध जोडू नका. मी जोडला होता, वर पट्टी मारून, चार बोल्ट घालून. दुसऱ्या पावसात पाख झोळीसारखी झाली. जोड द्यायचाच तर खाली आडवं लाकूड हवं, आणि त्यासाठी पडवीच्या मधोमध खांब. मग बंब ठेवणार कुठे?

त्यापेक्षा पडवी नऊ फुटांची करा. दीड-दीड फुटावर बरोबर सात वासे बसतात. भिंतीपासून सहा फुटांत तीन फूट उतार द्या, पुढे फूटभर वळचण. आठ फुटांत भागतं. शंभरेक कौलं लागतील. एक अडीच किलोचं धरलं तरी सुकीच अडीचशे किलो होतात, भिजली की आणखी.

लावण्याआधी प्रत्येक वासा हातोडीने ठोकत जा. ठण्ण वाजला तर घ्या, भद्द वाजला तर चुलीत. भिंतीत गाडलेलं टोकही टोचून बघा, वाळवी तिथूनच शिरते. बाहेरचा पांढरा भाग तासून टाका, गाभा टिकतो. रीपांचं, म्हणजे वाशांवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांवर कौलं टेकतात त्यांचं, अंतर पुस्तकात शोधू नका, दोन कौलं एकात एक बसवून मोजा.

चिरेबंदी
लाकडाचं ठरलं, पण पाणी येणार भिंतीच्या सांध्यातून. आमच्याकडे नुसतं सिमेंट थापलं होतं, श्रावणात चीर पडली. चिऱ्यात इंचभर खाच पाडा, त्यात पत्र्याची पट्टी खोचा आणि ती कौलावर वीतभर येऊ द्या.

कोकणी_मुंबईकर
आखूड वाशांच्या रीपा चिरून घ्या. आधी चुंबक फिरवा, खिळा दिसला तर वखारवाला हात लावत नाही. भोक पाडून मगच खिळा मारा, जुनं लाकूड फाटतं.

खालची_वाडी
नऊ फुटांवर आई तयार झाली, बंब कोपऱ्यात. ठोकताना सातांतला एक भद्द वाजला, बाहेरून मात्र अगदी साजरा दिसत होता. बदली पावणेआठ फुटी मिळाला. त्या टोकाला वळचण थोडी कमी. तिथे पाण्याची कळशी ठेवायची नाही, एवढंच.

काल आखूड वासे वखारीत नेले. चुंबकाने अकरा खिळे काढले होते. बारावा करवतीला सापडला. पातं माझ्या खर्चाने.