ड्यूक २०२४-२५: पहिल्या पाचांत केलब फॉस्टर की सायन जेम्स?

कॅरीकर

येत्या ४ नोव्हेंबरला (२०२४) घरच्या कॅमेरॉन इनडोअरमध्ये मेन विद्यापीठाविरुद्ध आपला, म्हणजे ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा, हंगाम सुरू होतोय. एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत कॅन्सस पहिलं, ड्यूक सातवं. सगळीकडे बोलणं पहिल्या वर्षाच्या कूपर फ्लॅगचंच चाललंय आणि ते रास्त आहे. सतरा वर्षांचा पोरगा जुलैत लास व्हेगासला अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघासमोर सरावाला उभा राहिला आणि जराही बुजला नाही. त्याच्या जागेबद्दल वादच नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या गार्डच्या (बॉल हाताळणाऱ्या बाहेरच्या खेळाडूच्या) जागेबद्दल.

आधी ३१ मार्चचं डॅलस आठवा, राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. एनसी स्टेट ७६, ड्यूक ६४. त्यांचा डीजे बर्न्स पाठ लावून एकेक पाऊल रेटत आत यायचा आणि डाव्या हाताने अलगद बॉल टाकायचा. २९ पॉइंट केले त्याने. आपल्या प्रॉक्टरचे नऊच्या नऊ फटके चुकले. आपली पोरं कौशल्यात कमी नव्हती, फिलिपॉवस्की आणि मकेन आज एनबीएत आहेत. कमी पडलं ते अंगातलं बळ, आणि सामना निसटायला लागल्यावर डोकं थंड ठेवणारा एखादा माणूस.

त्यानंतर संघ दुसऱ्या कॉलेजांत पांगला. रोच बेलरला, मिचेल मिझूरीला, ब्लेक्स स्टॅनफर्डला, स्टुअर्ट ओहायो स्टेटला, पॉवर व्हर्जिनियाला. नेहमी खेळणाऱ्यांपैकी उरले दोघे, टायरीज प्रॉक्टर आणि केलब फॉस्टर. प्रशिक्षक शायरने पहिल्या वर्षाचे सहा नवखे आणले आणि त्यांच्या जोडीला बाहेरून जुनेजाणते घेतले: टुलेनहून सायन जेम्स, सिराक्यूजहून मलीक ब्राउन, पर्ड्यूहून मेसन गिलिस. माझ्या मते या वर्षीची खरी कमाई हे तिघेच आहेत.

म्हणून माझे पाच: प्रॉक्टर, जेम्स, कॉन कनिपल, फ्लॅग, मालुआच. जेम्स टुलेनला चार वर्षं खेळलाय, गेल्या वर्षी सरासरी १४ पॉइंट, आणि खांदे बैलासारखे. समोर संघ चालवणारा पॉइंट गार्ड असो की उंच फॉरवर्ड, दोघांनाही धरू शकतो. फॉस्टर बेंचवरून पहिला. आणि शेवटच्या पाच मिनिटांत सामना अटीतटीचा असेल तर मालुआचच्या जागी ब्राउन.

नागपूरचा_पॉइंटगार्ड

कॅरीकर, पांगलेल्यांची यादी दिलीत आणि जो राहिला त्यालाच बेंचवर बसवलंत. हे मला पटत नाही.

हल्ली बदली घेतली की वर्ष वाया जात नाही. एप्रिलमध्ये नियम आणखी सैल झाला, आता कितीही वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. अशा वेळी फॉस्टर थांबला. घोट्याच्या दुखापतीने गेल्या हंगामाचे शेवटचे सामने त्याला बाहेर बसून बघावे लागले, डॅलसचाही. तो खेळला असता तर त्या दिवशी प्रॉक्टरवर एवढा भार आला नसता. पहिल्याच वर्षी तीनच्या (लांबून मारलेल्या, तीन पॉइंटच्या) फटक्यांत दहातले चार टाकणारा पोरगा आहे तो. आता पहिल्या पाचांत त्याचा हक्क नाही तर कुणाचा?

भावना सोडा, खेळाचं बोलू. मी कॉलेजला चार वर्षं पॉइंट गार्ड होतो. समोरून पूर्ण कोर्टभर प्रेस (अंगावर येऊन केलेला बचाव) आला की बॉल वर न्यायला दोन माणसं लागतात. प्रॉक्टर एकटा पडला की तो घाई करतो, हे दोन वर्षं आपण पाहिलंय. जेम्स चांगला आहे, पण तो अंगाने खेळणारा. बॉल हातात धरून संघ चालवणारा नव्हे.

चॅपलहिलची_सून

मी तुमच्या विरोधातल्या घरातली, नॉर्थ कॅरोलायनाच्या फिकट निळ्या रंगाची. तरी राहवत नाही म्हणून लिहिते.

वयाचा मुद्दा कॅरीकरांचा बरोबर आहे. २०१९ मध्ये तुमच्याकडे झायन, बॅरेट आणि रेडिश एकाच संघात होते. तिघेही पुढे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या दहांत गेले. आणि मिशिगन स्टेटकडून ६८-६७ हरलात. शेवटी तो तीनचा फटका कुणी मारला? केनी गॉइन्सने, पाचव्या वर्षाच्या पोराने, झायनच्या डोक्यावरून. या मार्चमध्ये केंटकीचं तेच झालं. शेपर्ड आणि डिलिंगहॅम दोघेही अफाट, पण ओकलंडच्या जॅक गोल्कीने तीनचे दहा फटके टाकले आणि केंटकी ८०-७६ घरी.

पण आमची जखम पण सांगते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही तुम्हाला राष्ट्रीय उपांत्य सामन्यात ८१-७७ हरवलं, तुमचे जुने प्रशिक्षक कोच के यांचा शेवटचा सामना तो. त्या संघाच्या पहिल्या पाचांतले चौघे परत आले. पुढच्या हंगामाआधी देशात पहिला क्रमांक मिळाला. अनुभव म्हणाल तर एवढा कुणाकडेच नव्हता. आणि मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांत आमचं नावच आलं नाही. यादी जाहीर झाली त्या रविवारी आमच्याकडे टीव्हीसमोर सगळे गप्प बसले होते. तेव्हा चार वर्षं खेळलाय म्हणून चालेलच, हा हिशेब मी आता करत नाही.

कॅरीकर

@चॅपलहिलची_सून, हे मनापासून लिहिलंत, आभार. पण फरक बघा. तुमचे चौघे तेच, तसेच परत आले. जेम्स आणि गिलिस नव्या ठिकाणी आलेत ते शेवटचं वर्ष हातात घेऊन. चार वर्षांवर कोविडमुळे जादा मिळालेलं वर्ष वापरतायत, यानंतर त्यांना कॉलेज बास्केटबॉल नाही. गिलिस तर एप्रिलच्या अंतिम सामन्यात यूकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठाकडून) ७५-६० हरलेल्या पर्ड्यूत होता. ती बोच घेऊन आलाय तो. आणि यूकॉननेही काय केलं? न्यूटन आणि स्पेन्सर, दोघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले, पाचव्या वर्षाचे. त्यांच्यामध्ये कॅसल हा एकच नवखा. तो जमला कारण आजूबाजूला मोठी माणसं होती.

कोपरारक्षक

गार्डचं भांडण तुमचं चालू द्या. मला मालुआचला शेवटी बसवण्याचं खटकलं.

खमान मालुआच सात फूट दोन इंच. दक्षिण सुदानच्या रुंबेकला जन्मला, युगांडात वाढला, सेनेगलच्या अकादमीत शिकला. या उन्हाळ्यात सतराव्या वर्षी दक्षिण सुदानकडून पॅरिस ऑलिम्पिक खेळला. त्याआधी लंडनला सरावाच्या सामन्यात याच संघाने अमेरिकेला १०१-१०० पर्यंत आणलं होतं. लेब्रॉनच्या संघाला! याला नवखा म्हणून मोजायचं?

मी कबड्डी खेळलोय, बास्केटबॉल नाही. पण कोपऱ्यात उभा राहणारा माणूस किती पकडी करतो यावरच त्याची किंमत नसते. चढाईपटू त्याच्या बाजूला जायचंच टाळतो, निम्मं मैदान आपोआप बंद होतं. मालुआच रिमखाली (बास्केटच्या कड्याखाली) असला की तसंच होणार. लेअपला (अगदी जवळून बॉल टाकायला) निघालेला गार्ड मधेच थबकणार. हे आकड्यांत दिसत नाही. २६ नोव्हेंबरला समोर कॅन्ससचा हंटर डिकिन्सन, ४ डिसेंबरला ऑबर्नचा जोनाय ब्रूम. या दोघांपुढे सहा फूट आठ-नऊ इंचांचा ब्राउन शेवटची पाच मिनिटं? बर्न्सचाच सिनेमा पुन्हा बघायचाय का?

पहाटेची_मॅच

पुण्याहून लिहितोय. तिकडे संध्याकाळी सातला सामना असला की आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. डेक्कनवर सकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे बऱ्याचदा पूर्वार्ध मोबाइलवर आणि उत्तरार्ध मुलांच्या गराड्यात.

मला वाटतं "पहिले पाच" याला आपण फार महत्त्व देतोय. ४० मिनिटं, पाच जागा, एकूण २०० मिनिटं वाटायची आहेत. मी कागदावर मांडून बघितलं: फ्लॅग ३२, प्रॉक्टर ३०, कनिपल २८. मध्ये मालुआच २० आणि ब्राउन २०. झाले १३०. उरलेल्या ७० मध्ये जेम्स २६, फॉस्टर २४, गिलिस १४, आयझाया एव्हन्स ६. म्हणजे जेम्स आणि फॉस्टर यांच्यात फरक दोन मिनिटांचा. २०१५ च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन पुढे गेलं होतं तेव्हा ग्रेसन ॲलन बेंचवरून आला, १६ पॉइंट करून गेला आणि ड्यूक ६८-६३ जिंकलं. सुरुवात कुणी केली ते किती जणांना आठवतं?

कोपरारक्षक, तुमचं कोपऱ्याचं उदाहरण आवडलं, पण बास्केटबॉलमध्ये त्या माणसाला कोपऱ्यातून बाहेर ओढता येतं. स्क्रीन लावायचा, म्हणजे आपला माणूस अडसर म्हणून उभा करायचा, आणि त्याला थेट चपळ गार्डसमोर आणायचं. सात फूट दोन इंचांचा माणूस तीनच्या रेषेपाशी उघड्यावर आला की तो कोपरा उरतच नाही. ब्राउन तिथे गार्डलाही धरतो. सिराक्यूजला सामन्यामागे दोनहून जास्त स्टील (हिसकावलेले बॉल) होते त्याचे. फ्लॅग आणि ब्राउन एकत्र असले की कोणत्याही स्क्रीनवर माणसं बदलून घेता येतात. डिकिन्सनपुढे मालुआच ठेवा, मान्य. केंटकीपुढे नको.

कोपरारक्षक

केंटकीचं का वेगळं? समजावून सांगा, मी शिकायला तयार आहे.

पहाटेची_मॅच

केंटकीचा प्रशिक्षक कॅलिपारी गेला, मार्क पोप आला, आणि त्याने अख्खा संघ नव्याने उभा केला. बटलर, ओवे, रॉबिन्सन, ब्रे, कार, सगळे दुसऱ्या कॉलेजांतून आलेले आणि बरेचसे चौथ्या-पाचव्या वर्षाचे. पोपच्या संघांना तीनच्या रेषेबाहेरून भरपूर फटके मारायची सवय आहे. पाचही जण बाहेर उभे राहिले की रिमखालचा राखणदार कुणाला राखणार? १२ नोव्हेंबरला अटलांटात हीच परीक्षा आहे.

नागपूरचा_पॉइंटगार्ड

कोच, फरक दोन मिनिटांचाच असेल तर ती दोन मिनिटं फॉस्टरला द्या की. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला सुरुवातीच्या पाचांत नाव पुकारलं जाण्याचं काय असतं ते तुम्ही रोज मुलांत बघता. ॲलन बेंचवर होता, कारण त्याच्या पुढे चौथ्या वर्षाचा क्विन कुक होता आणि ते ॲलनने मान्य केलं होतं. फॉस्टरपुढे कोण? या उन्हाळ्यात आलेला पाहुणा. पोरगं आतून खचलं तर पुढच्या एप्रिलला तोही जाईल, आणि मग आपण परत सगळं पहिल्यापासून जमवत बसू.

कॅरीकर

नागपूरकर, प्रेस आला तर दोन माणसं लागतात हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. मेन आणि आर्मीविरुद्ध फॉस्टरने सुरुवात करावी, त्यालाही माझी हरकत नाही. पण शायर स्वतः २०१० च्या संघात चौथ्या वर्षाचा गार्ड होता. तो, लान्स थॉमस, झूबेक, सगळे चार वर्षं मुरलेले. अंतिम सामन्यात बटलर विद्यापीठाला ६१-५९ हरवलं ते चमकून नव्हे, चिवटपणाने. ती चव त्याला माहीत आहे. २२ नोव्हेंबरला टूसॉनला ॲरिझोनाचा केलब लव्ह समोर असेल, हाच तो, २०२२ ला नॉर्थ कॅरोलायनाकडून आपल्यावर २८ पॉइंट टाकणारा. त्याला कोण धरणार? फॉस्टर की जेम्स? मनावर हात ठेवून सांगा.

चॅपलहिलची_सून

लव्हला चार वर्षं जवळून पाहिलंय, तीन आमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. तो तापला की कुणाच्याच हातात नसतो. पण त्याला धक्क्याला धक्का देणारा, अंगाशी अंग लावणारा माणूस अजिबात आवडत नाही. या एका सामन्यापुरतं मी जेम्स म्हणेन.

नागपूरचा_पॉइंटगार्ड

लव्हला जेम्सने धरावं, मान्य. पण मग फॉस्टर बाहेर का? कनिपल बाहेर बसू दे. तोही नवखाच आहे ना? प्रॉक्टर, फॉस्टर, जेम्स, फ्लॅग आणि मध्ये तुमचा ब्राउन. पाचांत एकच नवखा, कॅरीकरांना यूकॉनचा जो नमुना हवा होता तोच.

पहाटेची_मॅच

या पाचांत फटका मारणारे कमी पडतात हो. ब्राउन बाहेरून मारत नाही, जेम्सकडे समोरचा पाठ फिरवून उभा राहील आणि फ्लॅगला आत शिरायला वाट उरणार नाही. कनिपलचा हात या संघात सगळ्यात भरवशाचा दिसतोय मला. तरी ही पाचांची जोडणी मी वहीत लिहून ठेवली आहे. केंटकीच्या सामन्याला ती वही घेऊन बसतो, शेवटच्या पाच मिनिटांत कोण कोण मैदानावर होतं ते मिनिटागणिक इथे टाकतो.