‘टुणटुणीत चालत गेले’ : दिव्यांग पार्किंगच्या त्या फोटोबद्दल

दादरची_सून

काल इथे एक फोटो आला. मॉलच्या तळघरातली निळी जागा, तिच्यात पांढरी गाडी, नंबर स्वच्छ दिसतोय. खाली गोरेगावकर यांचा मजकूर : “साठीतलं जोडपं. दोघंही टुणटुणीत चालत लिफ्टकडे गेले. अशांच्या गाड्यांचे फोटो नंबरासकट टाकले पाहिजेत, त्याशिवाय लाज वाटणार नाही.” खाली शाबासक्यांची रांग. ती गाडी आमची नाही. पण असू शकली असती, म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझ्या नवऱ्याला नऊ वर्षं पार्किन्सन्स आहे. साडेदहाची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात अंग मोकळं होतं आणि पुढचा तास-दीड तास बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला काय धाड भरलीय! त्या वेळात आम्ही बाहेरची कामं उरकतो. बँक, डॉक्टर, चष्मा. जाताना ते चालत जातात. येताना गोळीचा असर उतरलेला असतो आणि गाडी वीस पावलांवर असताना पाय जमिनीला चिकटतात. खांदे पुढे जातात, पाय मागेच. हात धरून ओढलं तर तोंडावर पडतील. मग मी त्यांच्या पावलापुढे माझं पाऊल आडवं ठेवते. ते ओलांडायचं म्हटलं की पाय उचलला जातो. एक पाऊल. पुन्हा माझा पाय आडवा, पुन्हा एक पाऊल. मागून गाड्यांचे हॉर्न चालूच. तुमचा फोटो जातानाचा आहे, गोरेगावकर. त्यांच्या येण्यापर्यंत तुम्ही थांबला नव्हतात.

आता कागदांचं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात पार्किन्सन्स आला. आमच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र आहे. त्यासाठी एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला बोर्डासमोर नेमका गोळीचा चांगला तास आला आणि डॉक्टर म्हणाले, “हे तर बरे चालतात की.” तिसऱ्या खेपेला मी गोळी न देता नेलं. स्वतःच्या नवऱ्याला मला तसं न्यावं लागलं, तो राग अजून गेलेला नाही.

एवढं करून पार्किंगला त्या कार्डाचा उपयोग काय? गार्ड काचेवरचं स्टिकर बघतो. २०२० पासून आरसीवर मालकाच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ नोंदवता येतं, पण आमची गाडी मुलाच्या नावावर. आणि व्हीलचेअरचं चित्र असलेलं स्टिकर कुणीही ऑनलाइन मागवतो, त्याला कागद दाखवावा लागत नाही. खरं कार्ड खिशात राहतं आणि विकतच्या चित्राला मान मिळतो.

माझं म्हणणं एवढंच. ही ओळख गाडीला नको, माणसाला द्या. आरशाला अडकवायचा सरकारी फलक, यूडीआयडीशी जोडलेला, मुलाच्या गाडीत, भाच्याच्या गाडीत, टॅक्सीत कुठेही नेता येईल असा. आणि तोवर कुणाच्या चालीचे फोटो काढून निकाल देऊ नका.

गोरेगावकर

ताई, तुमच्या यजमानांचं वाचून वाईट वाटलं. पण मला खलनायक करू नका. माझी आई सहा वर्षं व्हीलचेअरवर आहे. निळी जागा ३६०० मिलिमीटर रुंद ठेवायची असते ती दार सताड उघडून खुर्ची सीटला लावता यावी म्हणून. साध्या जागेत गाडी लावली तर शेजारच्या गाडीमुळे दार अर्धंच उघडतं आणि आईला बाहेर काढताच येत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका खाजगी हॉस्पिटलात तिन्ही निळ्या जागा भरलेल्या. एका गाडीतून एक तरुण मुलगी उतरून फोनवर बोलत निघून गेली. आई पाऊण तास गाडीत बसली. डायपर भिजला होता आणि ती मला सांगत नव्हती. शेवटी रस्त्यावर, पावसात, दोघा वॉर्डबॉयच्या मदतीने उतरवली. तेव्हापासून मी फोटो काढतो. ज्याला वीस पावलं का होईना चालता येतात, त्याने साध्या जागेत गाडी लावावी आणि रुंद जागा खुर्चीवाल्यांना सोडावी. हे कुणाला लागलं तर लागू दे.

चेंबूरची_फिजिओ

तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मागताय. एकाला रुंदी हवी आहे, एकाला अंतर कमी हवंय. २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही आहे : ३६०० मिलिमीटर रुंदी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. आपल्याकडे मोजून दोन जागा रंगवतात आणि मग त्यांच्यावरून आजारी माणसांचीच आपसात जुंपते.

फलक यूडीआयडीशी जोडण्याला माझा विरोध आहे. माझ्याकडे येणारे एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. सुई काढल्यावर उभं राहिलं की बीपी कोसळतं. त्या २१ प्रकारांत किडनी नाही. हृदय निकामी झालेला पेशंट नाही, दहा पावलांत धाप लागणारा फुप्फुसाचा पेशंट नाही. उलट ऐकू न येणाऱ्या माणसाकडे कार्ड आहे, पण दाराजवळच्या जागेची गरज त्याला असेलच असं नाही. अपंगत्वाचे टक्के बघू नका, चालता किती येतं ते बघा.

तिसरा_पाय

मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. आता पन्नाशी आलीय. बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर चालवतो, ती कुठल्याही निळ्या जागेत लावायला गेलो की गार्ड म्हणतो, “टू-व्हीलर तिकडे.” तिकडे म्हणजे दोन गाड्यांच्या फटीत, जिथे माझी चाकं मावत नाहीत. तुमचं आरसे, फलक, मुलाची गाडी हे सगळं चारचाकीवाल्यांचं चाललंय.

आणि फिजिओ ताई, सगळ्यांनाच आत घ्या म्हणणं सोपं आहे. लोकलमधल्या आमच्या दिव्यांगांच्या डब्याचं काय झालं बघा. कॅन्सरचे पेशंट, गरोदर बायका यांना मुभा आहे, ती असायलाच हवी. पण एक दार उघडलं की मागून धडधाकट माणसं घुसतात. ठाण्याला सकाळी आठ वाजता मी कुबड्या घेऊन उभा असतो आणि आतला पंचविशीतला पोरगा मोबाइलमधून मान वर करत नाही. विचारलं तर म्हणतो, “काका, सगळ्याच डब्यांत गर्दी आहे.” त्यामुळे कार्ड दाखवा म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. कार्ड नसेल तर बाहेर.

दादरची_सून

स्कूटरचं माझ्या मनात आलं नव्हतं, ते माझं चुकलं. पण दादा, त्याच डब्यात माझ्या नणंदेला केमोच्या दिवसांत लोकांनी उभं करून फाइल दाखवायला लावली होती. डोक्यावर स्कार्फ होता, चेहरा तरुण. तिने भर डब्यात फाइल उघडून रिपोर्ट वाचून दाखवला. तुमच्या ‘बाहेर’ मध्ये ती पण येते.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये ब्लू बॅज माणसाच्या नावाने मिळतो, मागे त्याचा फोटो असतो आणि तो कुणाच्याही गाडीत, टॅक्सीतसुद्धा वापरता येतो. साधारण तीन वर्षांनी नवा घ्यावा लागतो. गैरवापराला एक हजार पौंडांपर्यंत दंड आहे. ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या आजारांनाही मिळतो. माझ्या सासूबाईंकडे आहे.

गोरेगावकर

तिकडे दंड वसूल होतो, इकडे होत नाही. आपल्या २०१६ च्या कायद्यातही कलम ९१ आहेच : दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पार्किंगवरून कुणाला झालेला तुम्ही ऐकलाय?

मुलुंड_तळमजला

मॉलचं सोडा, तिथे महिन्यातून एकदा जातो. घरचं बोला. आमच्या सोसायटीत दरवर्षी पार्किंगची लॉटरी निघते. वडिलांचा डावा पाय मधुमेहात गुडघ्याखाली कापला. लिफ्टच्या दारासमोरची स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा कायमची द्या, असा रीतसर अर्ज केला. या वर्षी आमची चिठ्ठी निघाली पाण्याच्या टाकीमागे, पंपाच्या चबुतऱ्याला लागून. तिथे कायम शेवाळ. प्लास्टिकचा पाय आणि शेवाळ!

सचिव_अंधेरी

मी अंधेरीच्या एका सोसायटीचा सचिव म्हणून बोलतो, कारण शिव्या आम्हालाच पडतात. आमच्याकडे ३४ सभासद आणि २१ जागा. मागणी जास्त असली तर चिठ्ठ्या टाकून वाटप करा, असं आदर्श उपविधींतच आहे. उद्या एकाला कायमची जागा दिली तर परवा गुडघेदुखीची सात सर्टिफिकेटं टेबलावर येतात. आमच्याकडे आली आहेत. एकाच डॉक्टरची, एकाच तारखेची.

मुलुंड_तळमजला

गुडघेदुखी आणि कापलेला पाय एकाच टेबलावर ठेवताय?

सचिव_अंधेरी

मी ठेवत नाही, सर्वसाधारण सभा ठेवते. तुमच्या सभेत जाऊन बोला. निम्मे सभासद म्हणतात, आम्ही बिल्डरला पार्किंगचे पैसे मोजलेत, आमची जागा काढायची नाही.

चुनाभट्टी_वकील

बिल्डरला मोजलेल्या पैशांची बात नको. रेराआधीच्या जुन्या कायद्याखालच्या इमारतीतली स्टिल्ट बिल्डरला विकताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय. अशी जागा सोसायटीची आहे. म्हणजे दिव्यांग सभासदाची जागा चिठ्ठीबाहेर ठेवायचा ठराव सभा करू शकते. करत नाही, कारण मन होत नाही.

मुलुंड_तळमजला

आमच्या सभेला गेलो होतो. एक सद्गृहस्थ माइकवर म्हणाले, “पाय तुमच्या बाबांचा गेलाय, गाडी तर तुम्ही चालवता, तुम्ही लांब लावा आणि त्यांना गेटवर सोडा.” गेटवर सोडून मी गाडी लावायला गेलो की बाबा कुणाच्या आधाराने उभे राहणार? लोक हसले. बाबा खुर्चीत बसून ते ऐकत होते. त्यांनी घरी येऊन पाय काढला, कोपऱ्यात ठेवला आणि चार दिवस खाली उतरले नाहीत.

चुनाभट्टी_वकील

दिव्यांग माणसाचा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान केला तर त्याच कायद्याचं कलम ९२ लागतं. सहा महिने ते पाच वर्षं कैद. इतिवृत्ताची प्रत मागा.

सचिव_अंधेरी

झालं! लगेच कैद! म्हणूनच कुणी सचिव व्हायला तयार नसतो. मी बिनपगारी रात्री दहाला लिफ्टवाल्याला फोन करतो, टँकरची वाट बघतो. ते गृहस्थ बोलले ते वाईटच होतं, पण आम्हा सगळ्यांना गुन्हेगार ठरवू नका.

तिसरा_पाय

सचिव, तुम्हाला कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. २१ जागांतली एक लिफ्टसमोरची बाजूला काढा आणि बाकी वीसच्या चिठ्ठ्या टाका. यात काय जड आहे?

सचिव_अंधेरी

आमच्याकडे सध्या तसा सभासद एकच आहे. ठीक आहे. ऑगस्टच्या सभेच्या विषयपत्रिकेत घालतो. पास होईल याची हमी देत नाही. आणि गुडघेदुखीवाले उठतील तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी येऊन उत्तर द्या.

चेंबूरची_फिजिओ

मी येते. खरंच सांगते. पत्ता कळवा.

गोरेगावकर

मूळ मुद्दा सोसायटीत बुडाला. मी फोटोतला नंबर पुसलाय. फोटो काढलेला नाही आणि काढणारही नाही, कारण त्या जागेत उद्या पुन्हा कुणीतरी गाडी लावणार आहे. त्या जोडप्याला काही त्रास असेल हे मला दिसलं नव्हतं, एवढं मान्य. त्या तरुण मुलीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

आणि वकीलसाहेब, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ना, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा, तीन महिन्यांत? आईच्या हॉस्पिटलात निळा रंग तेवढा नवा मारलाय. जागेची रुंदी मी टेपने मोजली. साध्या जागेएवढीच आहे.

चुनाभट्टी_वकील

टेपसकट फोटो काढा. तो फोटो कामाचा आहे.

दादरची_सून

नंबर पुसलात, बरं केलंत. मुलीबद्दल आपलं जमणार नाही, राहू दे.

आईंना कुठल्या डॉक्टरांकडे नेता? दादर-माहीमकडे येत असाल तर आमच्या न्यूरोच्या दवाखान्याला मागच्या गल्लीतून रॅम्प आहे. पुढच्या दारावर पाटी नाही, म्हणून कुणाला माहीत नसतं. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसतो, त्याला सांगितलं की तो टेबल सरकवतो आणि दार पूर्ण उघडेल एवढी जागा होते. सकाळी अकराच्या आत या, नंतर तिथे टेम्पो लागतात.